वल्ह्याचा ठेका आणि त्याचे मोजमाप

चारठाण्यात नौकानयनाचा विषय निघाला म्हणजे "येथे नाव चालवायला पाणी कोठे आहे?" असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याला दोष देता येणार नाही. गोकुळेश्वराचे देऊळ, यादवकाळातील कोरीव काम आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी बारव ही आपल्या गावाची ओळख. पाण्यापर्यंत खाली उतरून जावे, एवढाच आपला पाण्याशी जुना परिचय. परंतु महाराष्ट्राच्या ज्या नावाड्याने ऑलिंपिकच्या पाण्यात वल्हे मारले, तो समुद्रकाठचा नव्हता. विहिरी खोदणाऱ्या घरातला होता. म्हणून नावेचा हा इतिहास कोरडवाहू मुलखातील लोकांनीही ऐकण्याजोगा आहे. त्यांतील एकच धागा येथे घ्यावयाचा आहे : वल्ह्याचा ठेका कोणी धरला, आणि तो मोजला कोणी ?

नावेत एकच माणूस असेल तर तो आपल्या दमाने वल्हे मारील. माणसे दहा झाली की दहांचे वल्हे एकाच क्षणी पाण्यात पडले पाहिजे. नाहीतर वल्ह्यास वल्हे अडते आणि नाव डुलू लागते. प्राचीन ग्रीकांच्या युद्धनौकेवर सुमारे १७० वल्हेकरी बसत. त्यांना ताल देण्यासाठी आज्ञा पुकारणारा एक अधिकारी असे आणि त्याच्या जोडीला एक पावा वाजविणारा. आपल्याकडे १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर मराठ्यांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली. पुढे आंग्र्यांच्या काळी ज्या गलबतांचा दरारा पश्चिम किनाऱ्यावर बसला, त्यांना शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्हीही असत. वारा पडला की शिडाचे जहाज जागीच थांबे, आणि गलबत मात्र वल्ह्यांच्या बळावर त्याच्यावर चालून जाई. कोळ्यांच्या होड्यांतून ऐकू येणारी आरोळीही याच कामाची. मात्र यांतील बहुतेक ठिकाणी ठेका होता तो कानाचा, आणि तो धरणारा दुसराच कोणी होता. तांडेलाने सांगावे आणि हातांनी ऐकावे, अशी ती रीत होती.

काळ मोजण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात सोडले की ते चोवीस मिनिटांनी बुडे. ती एक घटका. घटकेचा साठावा भाग ते पळ, म्हणजे चोवीस सेकंद. लग्नमुहूर्ताला हे माप पुरेसे होते. पण दोन सेकंदांत संपणारे वल्हे त्यात सापडणे कठीण होते, आणि तशी गरजही कोणास पडली नाही. गरज पडली ती शर्यतीमुळे. १८२९ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली नौकाशर्यत झाली. १८७० नंतर नावेतील बैठकीला सरकण्याची सोय आली. त्यामुळे वल्हे केवळ हातांनी न मारता पायांच्या रेट्याने मारता येऊ लागले, आणि दर मिनिटाला किती वल्ही मारावीत हा शास्त्राचा प्रश्न बनला. वल्हे पाण्यात बुडवून, ओढून, वर काढून पुन्हा बुडविण्याच्या जागी आणणे, या एका फेऱ्याला स्ट्रोक म्हणतात.

गुरूच्या हाती थांबते घड्याळ आले तेव्हा हिशेब सोपा झाला. वल्हे पाण्यात पडताच घड्याळ सुरू करावयाचे, तीन फेरे पुरे होताच थांबवावयाचे, आणि लागलेल्या सेकंदांनी १८० ला भागावयाचे. सहा सेकंद लागले तर गती मिनिटाला तीस. पण हे घड्याळ गुरूजवळ, आणि गुरू काठावर अथवा मागच्या मोटारबोटीत. वल्हे मारणाऱ्याला आपली गती कळे ती दुसऱ्याने ओरडून सांगितली तर.

ही उणीव विद्युत्कणशास्त्राने भरून काढली. १९७८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात नील्सन-केलरमन ही कंपनी निघाली, आणि तिची स्ट्रोक मोजणारी यंत्रे नावानावांत पोचली. त्यांची एक जुनी रचना कोणासही समजेल अशी आहे. सरकत्या बैठकीच्या खाली एक लहान लोहचुंबक बसवितात, आणि त्याच्या वाटेवर नावेच्या अंगाला काचेच्या नळीतील कळ. नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळून गेला की त्या एकमेकींस चिकटतात आणि विद्युत्प्रवाह सुरू होतो. बैठक पुढे जाताना एकदा आणि मागे येताना एकदा, असा चुंबक प्रत्येक फेऱ्यात दोनदा कळीवरून जातो. यंत्र हे जाणून एकच फेरा धरते, दोन फेऱ्यांमधील वेळ मोजते आणि मिनिटाचा आकडा वल्हेकऱ्याच्या पायांजवळ दाखविते. अलीकडच्या यंत्रांत चुंबकाचीही गरज उरलेली नाही. नावेला बसणारा हिसका ती स्वतः ओळखतात, आणि उपग्रहांच्या आधाराने वेगही सांगतात.

आता दत्तू भोकनळ यांच्याकडे वळू. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम त्यांनी केले. २०१२ मध्ये ते सैन्यात गेले, आणि नौकानयनाशी त्यांची गाठ पडली ती तेथेच. पुण्यात या खेळाची परंपरा जुनी आहे. तेथील रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थीही नदीवर नावा चालवीत आले आहेत. सैन्याचे नौकानयन-केंद्रही त्याच शहरात. अवघ्या चार वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, भोकनळ एकट्याच्या नावेत उतरले आणि २००० मीटरचे अंतर ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत कापून एकंदरीत तेरावे आले. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या नावेत त्यांना सुवर्णपदक मिळाले.

या वेळेचा हिशेब करून पाहू, म्हणजे यंत्राचा आकडा काय सांगतो हे कळेल. ही गती सेकंदाला सुमारे ४.८ मीटर होते. उदाहरणादाखल मिनिटाला ३२ फेरे धरले, तर शर्यतीत सुमारे २२१ फेरे होतील आणि प्रत्येक फेऱ्यात नाव सुमारे नऊ मीटर जाईल. ३६ फेरे धरले तर ते सुमारे २४९ होतील, आणि प्रत्येकाचे अंतर आठ मीटर भरेल. वेळ दोन्हीकडे तीच, पण दमाचा खर्च तोच असेलच असे नाही. नवशिका आकडा वाढला की हरखतो. जाणता आकडा न वाढविता नाव पुढे कशी जाईल हे पाहतो. घाई आणि वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यंत्र रोज दाखवून देते.

मात्र यंत्राची निगा न राखल्यास तेच फसविते. चुंबक आणि कळ एका रेषेत, बोटभर अंतराच्या आत असावीत. चुंबक सरकला तर फेरे गाळले जातात. सराव संपला की यंत्र गोड्या पाण्याने हलकेच धुवावे, मऊ फडक्याने टिपावे आणि सावलीत वाळवावे. कडक उन्हात टाकू नये. जोडणीच्या धातूवर हिरवट थर दिसला की स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. झाकणाखालचे रबरी कडे चिरले असेल तर बदलावे. तार ओढून काढू नये, बूड धरून काढावी. घड्या पावसाळ्यात यंत्र बंद राहणार असेल आणि त्यातील बॅटऱ्या निघण्याजोग्या असतील, तर त्या काढून ठेवाव्यात. आणि महिन्यातून एकदा थांबत्या घड्याळाने तीन फेरे मोजून यंत्राची साक्ष पडताळावी. जो साक्षीदार कधी तपासला जात नाही, त्याच्यावर निकाल देणे शहाणपणाचे नव्हे.

या इतिहासाचे सार माझ्या मते असे. कष्टाचे माप बहुधा दुसऱ्याच्या हाती असते. विहीर खोदणाऱ्याचे काम मुकादम परसावर अथवा फुटावर मोजतो. गलबतावरील हातांचा ठेका तांडेल ठरवितो. आपल्या श्रमाचा हिशेब आपल्याच डोळ्यांसमोर असणे, ही सामान्य माणसाला फार उशिरा मिळालेली गोष्ट आहे. नावेतील त्या लहानशा डबीने ती दिली, हे तिचे खरे महत्त्व. ती बळ देत नाही. असलेले बळ कोठे सांडते, तेवढे सांगते.

आपल्या जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचा विस्तीर्ण जलाशय आहे. अंगात रग असलेली आणि खोदकामाला सरावलेली मुले तर गावोगाव आहेत. तळेगाव रोहीच्या विहिरीपासून रिओच्या पाण्यापर्यंतची वाट जर चार वर्षांत चालता आली, तर चारठाण्याच्या बारवेपासून येलदरीपर्यंतची वाट लांब म्हणता येणार नाही. त्या वाटेवर मुलांना नाव द्या, जाणता गुरू द्या, आणि मोजमाप मात्र त्यांच्या स्वतःच्या हाती राहू द्या.