प्रोशुत्तो खाताना कोणी काळजी घ्यावी?

प्रोशुत्तो म्हणजे डुकराच्या मागच्या पायाला मीठ लावून, अनेक महिने हवेवर वाळवून केलेला इटालियन हॅम. पार्मा शहराच्या परिसरातील हॅम वर्षाहून अधिक काळ मुरवला जातो. ‘क्रूदो’ न शिजवलेला असतो, तर ‘कोत्तो’ शिजवलेला.

कसा खावा?
इटलीत त्याचे अगदी पातळ काप खरबूज किंवा अंजिरासोबत खातात. दोन-तीन काप पुरेसे आहेत. सोबत खारट चीज किंवा ऑलिव्ह घेऊ नका.

मीठ किती?
30 ग्रॅम प्रोशुत्तोमध्ये साधारण दीड ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

कोणी कच्चा खाऊ नये?
गर्भवती स्त्रिया, तसेच केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण. लिस्टेरिया व टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो. पिझ्झावर तो बऱ्याचदा भाजल्यानंतर घालतात. तुम्ही तो आधीच घालून, वाफा येईपर्यंत गरम करायला सांगा.

प्रक्रिया केलेले मांस नियमित खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे हा पदार्थ रोजचा नको, कधीतरीच खावा.