घरातील पडदा आणि विनोदाची निवड : महाराष्ट्रातील घरगुती मनोरंजनाचा एक आढावा (१९७२ ते २००७)

प्रस्तावना

मराठी माणसाच्या करमणुकीचा इतिहास लिहिताना नाट्यगृह, तमाशाचा फड आणि चित्रपटगृह या तीन जागांचाच विचार प्रामुख्याने झालेला आहे. घर ही चौथी जागा मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटली. वास्तविक पाहता विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत मराठी मध्यमवर्गाने जेवढे नाटक-सिनेमे चित्रपटगृहात आणि नाट्यगृहात पाहिले, त्याहून कितीतरी अधिक ते घरात बसून पाहिले. घरातील पाहणे हे स्वरूपतःच वेगळे असते. तिकीट काढणारा प्रेक्षक स्वतःपुरता निर्णय घेतो. घरातील एकाच खोलीत आजी-आजोबा, सून, महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि शाळकरी नातवंडे एकत्र बसत असल्याने तेथील निर्णय एकट्याचा राहत नाही. म्हणूनच घरात काय पाहिले गेले याचा इतिहास हा त्या घरात कोणाचा शब्द चालत होता याचाही इतिहास होय. या निवडीत विनोदी कलाकृतींना मिळालेले झुकते माप कसे निर्माण झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घरात चालणारा विनोद

दूरचित्रवाणी येण्यापूर्वीही घरातल्या घरात विनोदाचा आस्वाद घेण्याची सवय मराठी कुटुंबांना होती. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या कथा मोठ्याने वाचल्या जात. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतील मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी ही पात्रे श्रोत्यांच्या घरची माणसे झाली होती. त्याच वेळी घरात न चालणाऱ्या विनोदाची सीमाही ठरलेली होती. मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेला ‘आवाज’ हा दिवाळी अंक त्यातील खिडकीचित्रांमुळे गाजला. खिडकी उघडण्यापूर्वी एक अर्थ आणि उघडल्यावर दुसराच अर्थ, अशी ती गंमत होती. हा अंक घरोघरी येत असे, पण तो मुलांच्या हाती लागू नये याची दक्षताही घरोघरी घेतली जात असे. छापील अंक फडताळात वरच्या कप्प्यात ठेवता येतो. पडद्यावरचे चित्र तसे ठेवता येत नाही. पुढील काळातील निवडीचा सगळा पेच या साध्या फरकात सामावलेला आहे.

एकच वाहिनी, एकच खोली

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यातही ते दिसू लागले. वाहिनी एकच आणि प्रक्षेपण मुख्यतः सायंकाळचे, त्यामुळे प्रेक्षकाला निवड करण्यास वाव असा नव्हताच. संच चालू ठेवायचा की बंद करायचा, एवढाच प्रश्न होता. चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच घरी संच असल्याने इतरांपुढे प्रश्न असे तो कोणाच्या घरी जाऊन बसायचे हा. यजमानीणबाईंचा स्वयंपाक खोळंबे, परंतु शेजाऱ्यांना नाही म्हणणे शिष्टसंमत नव्हते.

‘साप्ताहिकी’ या कार्यक्रमाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. आगामी आठवड्यात काय दाखवले जाणार याची माहिती त्यातून मिळत असे आणि त्यानुसार अनेक घरांत आठवड्याची आखणी होई. शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी चित्रपट आणि ‘छायागीत’ यांच्या वेळा सांभाळून पाहुण्यांकडे जाणे-येणे ठरे. विनायक चासकर यांच्या निर्मितीतून आकाराला आलेला ‘गजरा’ हा प्रहसनांचा कार्यक्रम आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातील चिमणरावांवरील मालिका यांनी मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदाचा पाया घातला. या मालिकेत दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला. याच कथांवर मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पाहावे करून’ हा चित्रपट केला होता. म्हणजे जी पात्रे पुस्तकातून घरात आली, तीच पडद्यावर जाऊन पुन्हा घरात परतली. आजोबांना ती वाचनातून परिचित होती, नातवंडांना ती नव्याने भेटत होती. एकाच खोलीतील तीन पिढ्यांना एकाच वेळी हसवण्याचे हे सामर्थ्य शोकनाट्यात किंवा रहस्यकथेत त्या प्रमाणात आढळत नाही.

राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत चित्र १९८२ साली आले. १९८५ मध्ये मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली. ‘ये जो है जिंदगी’ (१९८४) आणि आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेली ‘वागळे की दुनिया’ (१९८८) या हिंदी मालिकांनी मध्यमवर्गीय घरालाच विनोदाचा विषय केले. दोन्हींच्या दिग्दर्शनात कुंदन शाह यांचा वाटा होता. त्याआधी १९८३ साली त्यांनी ‘जाने भी दो यारों’ हा चित्रपट दिग्दर्शित केला होता. चित्रपटगृहात त्याला माफकच प्रतिसाद मिळाला. त्याची आजची कीर्ती ही बव्हंशी घरातील पडद्याने दिलेली आहे.

व्हिडिओ कॅसेट : निवडीचा आरंभ

खऱ्या अर्थाने निवड सुरू झाली ती ऐंशीच्या दशकात, व्हिडिओ कॅसेटमुळे. सोनीची बीटामॅक्स (१९७५) आणि जेव्हीसीची व्हीएचएस (१९७६) या दोन पद्धतींपैकी व्हीएचएस अखेरीस टिकली. व्हीसीआर विकत घेणे बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होते; म्हणून तो रंगीत संचासह एका रात्रीसाठी भाड्याने आणला जाई. सत्यनारायणाची पूजा, गणेशोत्सव, बारसे किंवा परीक्षा संपल्याचा दिवस ही त्याची निमित्ते होती. चाळीत वर्गणी काढली जाई. भाडे रात्रीचे असल्याने एका रात्रीत तीन-चार चित्रपट पाहून पैसे वसूल करण्याकडे कल असे.

या रात्रींचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. वृद्ध आणि मुले जागी असेपर्यंत पौराणिक किंवा विनोदी चित्रपट लावला जाई. मारधाडीचा चित्रपट मध्यरात्रीनंतर, तरुण मंडळी उरल्यावर. विनोदी चित्रपट पहिला लागत असल्याने तो सर्वांनी पाहिलेला असे. पहाटेचा चित्रपट अर्ध्यांनी झोपेत पाहिलेला असे. सामूहिक स्मृतीत विनोदी चित्रपट अधिक का राहिले, याचे एक कारण कलागुणांत न शोधता या वेळापत्रकातही शोधता येईल.

कॅसेट निवडण्याचे काम सामान्यतः घरातील तरुण मुलाकडे येई. व्हिडिओ लायब्ररीत अनामत रक्कम भरून सभासद व्हावे लागे. प्लॅस्टिकच्या वेष्टनातील यादी चाळायची, दुकानदाराला ‘प्रिंट कशी आहे’ असे विचारायचे आणि ‘घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे ना?’ अशी खात्री करून घ्यायची, हा शिरस्ता होता. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारा दुकानदार हा एका अर्थी अनौपचारिक परीक्षण मंडळच होता. शासकीय मंडळाचे ‘यू’ प्रमाणपत्र त्याच्या शब्दापुढे फिके पडे. दादा कोंडके यांचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. ‘सोंगाड्या’ (१९७१) पासून त्यांच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांची रांग लावली. गिरणगावातील आणि ग्रामीण भागातील प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. परंतु द्व्यर्थी संवादांमुळे पांढरपेशा घरात सासरे आणि सून एका खोलीत असताना ती कॅसेट लावणे अवघड होते. चित्रपटगृहाच्या काळोखात जे हशाला पात्र होते, ते घरातील ट्यूबलाइटखाली संकोचाचे होई. कोंडके यांच्या विनोदाच्या दर्जाविषयी समीक्षकांनी जे मतप्रदर्शन केले त्यात या ट्यूबलाइटचा वाटा किती, हे तपासले गेलेले नाही. लोकनाट्याच्या परंपरेतून आलेला तो विनोद मुळात उघड्या मैदानासाठी घडला होता.

त्याउलट महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) आणि सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हे चित्रपट घराच्या मापाचे होते. ‘बनवाबनवी’चे कथाबीज हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या चित्रपटातले. भाड्याची खोली मिळत नाही म्हणून दोघा तरुणांनी स्त्रीवेश घेणे, ही कल्पना मुंबई-पुण्यातील प्रेक्षकाच्या रोजच्या अडचणीतून हसे निर्माण करते. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची जोडी त्यानंतर वर्षानुवर्षे घराघरांत पाहिली गेली. या लाटेमुळे मराठी चित्रपट एकसुरी झाला, हा आक्षेप निराधार नाही. तथापि हिंदी कॅसेटांनी भरलेल्या लायब्ररीत मराठी चित्रपटाला जो कोपरा मिळाला, तो प्रामुख्याने याच चित्रपटांनी राखला, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांनाही कॅसेटचा मोठा आधार होता, परंतु तेथे तंत्राची अडचण आडवी आली. भारतातील पाल पद्धतीची कॅसेट अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीच्या यंत्रावर चालत नसे. सुट्टीवरून परतताना सामानात जपून नेलेले नाटक रूपांतर करून घेतल्याशिवाय दिसत नसे.

घर खाजगी की सार्वजनिक?

कॅसेटच्या प्रसाराबरोबर चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. १९८४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात व्हिडिओ चित्रफितींसाठी स्वतंत्र तरतूद आली. निर्मात्याचे नाव-पत्ता, परवानगीचे निवेदन आणि परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र फितीत दाखवणे बंधनकारक झाले. उल्लंघनासाठीची शिक्षा वाढवून सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी करण्यात आली. तरीही घरी कॅसेट आणणाऱ्या सामान्य कुटुंबाला आपण काही गैर करीत आहोत असे वाटत नव्हते.

याच सुमारास मुंबईतील उंच इमारतींत एका खोलीत व्हीसीआर ठेवून तारेने घरोघरी चित्रपट पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू झाला. उपग्रह वाहिन्यांपूर्वीची ही केबल होय. तिने निवडीचा अधिकार कुटुंबाकडून काढून केबलचालकाकडे दिला. प्रेक्षक फर्माईश करू शकत, निर्णय चालकाचा असे. हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या १९८९ सालच्या प्रकरणात न्यायालयापुढे मूलभूत प्रश्न उभा राहिला : आपापल्या घरात बसून पाहणारे वर्गणीदार हे ‘जनता’ ठरतात काय? प्रत्येकजण घरात असला तरी असे प्रक्षेपण जनतेपर्यंत पोहोचवलेलेच ठरते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. समाजशास्त्रज्ञांच्या आधी न्यायालयाने घरातील प्रेक्षकाची दखल घेतली, ही बाब इतिहासकाराने ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क, ती प्रत आधी विकली गेलेली असली तरी, हक्कधारकाकडेच राहील असे स्पष्ट केले. लायब्ररीवाल्यांच्या व्यवसायाचा कायदेशीर पाया त्यामुळे आणखी अरुंद झाला.

वाहिन्या, तबकड्या आणि पांगलेले कुटुंब

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही, १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली. निवड विपुल झाली आणि भांडण दूरनियंत्रकावरून होऊ लागले. या काळातही एकत्र पाहण्याची सवय टिकवून धरणारी मालिका म्हणून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१-२००५) हिचा निर्देश करावा लागतो. केदार शिंदे दिग्दर्शित या मालिकेत आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तीन पिढ्या होत्या. ‘आबा’ साकारले ते दिलीप प्रभावळकर यांनीच. चिमणराव पाहिलेली मुले आता आई-वडील झाली होती आणि आपल्या मुलांसह त्याच नटाला आजोबांच्या भूमिकेत पाहत होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी सर्वत्र पसरली. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने चित्रपटासाठी दोन-तीन तबकड्या लागत, पण पुढे-मागे करणे सोपे झाले. नाटकांना याचा विशेष लाभ झाला. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आणि प्रभावळकर यांचे ‘हसवाफसवी’ ज्या गावात नाट्यगृह नव्हते तेथेही पोहोचले. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी अवघ्या २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विक्रीस आणल्या. भाड्याने आणण्याच्या खर्चाच्या जवळपास तबकडी विकत मिळू लागल्यावर लायब्ररी आणि तिच्याबरोबर दुकानदाराचा सल्लाही संपला. पुढे ही कंपनीही तगली नाही; २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली.

जपानमधील फुनाई या अखेरच्या उत्पादक कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले आणि सप्टेंबरमध्ये जिओच्या स्वस्त डेटामुळे पडदा प्रत्येकाच्या तळहातावर गेला. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातील अनेक मुद्रणे फिती पुन्हा वापरल्याने पुसली गेली आहेत. घरातील कॅसेटांना दमट हवेत बुरशी लागते. व्हिडिओ लायब्ररीच्या वह्यांत कोणत्या घराने कोणत्या सणाला कोणता चित्रपट नेला याची तारीखवार नोंद असे. ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदींप्रमाणे त्या वह्यांना दस्तऐवज मानण्याचे कोणाच्या मनात आले नाही. दुकान बंद झाले की त्या रद्दीत जात.