दुष्काळांतील मुली आणि केडगांव

परदेशांतून आणि आपल्याच शहरांतून कितीक मंडळी अनाथाश्रम व झोपडपट्ट्या पाहण्यास जातात, मुलांस खाऊ वाटतात, छायाचित्रें घेतात आणि द्रवलेल्या अंतःकरणानें परततात. ही दया खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाहिल्यानंतर पुढें काय, याचें उत्तर तिच्यापाशीं क्वचितच असतें. केडगांवच्या इतिहासांत तें सांपडतें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या, त्या नुसत्या पाहुण्या म्हणून नव्हे. १८७४ सालीं मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत त्यांचे आईवडील व थोरली बहीण कांहीं महिन्यांच्या अंतरानें निवर्तलीं होतीं. त्या स्वतः बंधूंसह उपाशीपोटीं गांवोगांव हिंडल्या होत्या. निराधार मुलीला भुकेइतकेंच भय तिला फसवून नेणाऱ्यांचें असतें, हें त्यांस सांगावें लागलें नाहीं. त्यांनीं सुमारें ३०० मुली सोबत आणल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग होता. म्हणून केडगांवच्या शेतावर त्यांची सोय करण्यांत आली. तेथेंच पुढें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालीं गुजराथेंतील दुष्काळांतून आणखी मुली आल्या व वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. त्यांस अन्न, औषध आणि शिक्षण तर मिळालेंच. शिवाय विणकाम, छपाई यांसारखे उद्योगहि त्या शिकल्या.

या कार्यास दुसरीहि बाजू आहे. पैसा मुख्यतः परदेशांतील ख्रिस्ती दात्यांचा होता, आणि मुलींवर संस्कारहि त्याच धर्माचे होत. शारदासदनासंबंधीं हाच वाद पूर्वीं माजला होता व १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांनीं त्याच्या सल्लागार मंडळाशीं असलेला संबंध सोडला होता. भुकेल्या मुलीनें अन्नदात्याचा धर्म पत्करला, तर त्यास स्वखुषी म्हणावें काय, ही शंका आम्हांस आजहि रास्त वाटते.

परंतु नुसत्या शंकेनें एकहि मूल जगत नाहीं. पंजाबांत लाला लजपतराय यांनीं हें ओळखलें. मिशनऱ्यांवर टीका करून न थांबतां त्यांनीं १८९७ सालीं आर्यसमाजाच्या आश्रयानें हिंदु अनाथ मुलांच्या संगोपनाची चळवळ उभारली, आणि दुष्काळी प्रदेशांतून मुलें आणवून त्यांची व्यवस्था लावली. धर्माविषयीं त्यांचा व रमाबाईंचा मुळींच मेळ नव्हता. तरी मुलाचा भार उचलल्यावांचून त्याच्या भवितव्याविषयीं बोलण्याचा अधिकार येत नाहीं, हें दोघांच्याहि कृतींतून दिसतें.

आजच्या पाहुण्यांस आणि त्यांच्या टीकाकारांसहि आमचें इतकेंच सांगणें आहे. मूल आज कोणीं पाहिलें, यापेक्षां पुढल्या वर्षीं त्याच्या जेवणाची, शाळेची व आजारपणाची काळजी कोण वाहणार, हें आधीं विचारावें.