चकती, तोटी आणि हिशेब

विजेचा मीटर आणि पाण्याचा मीटर, दोघंही आता आपलं रीडिंग आपणच पाठवणार आहेत. मी वीज मंडळाच्या मीटर टेस्टिंगमध्ये उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत होतो आणि सध्या पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. त्यामुळे दोन्ही मीटरवरची भांडणं माझ्याच दारात येतात. मला वाटतं, त्या भांडणांची मुळं आजच्या यंत्रात कमी आणि मागच्या शंभर-दीडशे वर्षांत जास्त आहेत.

वीज जन्मली तीच विक्रीचा माल म्हणून. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला सुरुवात केली तेव्हा मोजायला धड यंत्र नव्हतं. त्याने बरणीतल्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवून ठेवल्या. प्रवाह गेला की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाई. ठरावीक मुदतीने माणूस येऊन पट्टी काढून नेई आणि तिच्या वजनावरून बिल निघे. पुढे १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथीने फिरत्या चकतीचा मीटर केला, आणि पुढची शंभर वर्षं जगाने त्याच तत्त्वावर काम चालवलं. मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी निघाली, १९०७ मध्ये तिची विजेची ट्राम धावली, १९४७ च्या ऑगस्टात तीच महापालिकेची ‘बेस्ट’ झाली. कंपनी म्हटली की मोजमाप आलंच. १९१० च्या वीज कायद्याचं २६ वं कलम मीटरबद्दलच होतं. मीटर बरोबर की चूक यावर वाद झाला तर निवाडा विद्युत निरीक्षकाने करायचा, हेही त्यात लिहिलेलं होतं. विजेच्या ग्राहकाला पंच मिळाला तो इतक्या जुन्या काळी.

त्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर माझा अजून जीव आहे. तिच्या कडेला एक काळी खूण असते. मीटरवर ‘एका युनिटला ६०० फेरे’ असं लिहिलेलं असलं की घरातलं सगळं बंद करायचं, फक्त शंभर वॉटचा एक दिवा ठेवायचा आणि घड्याळ घेऊन समोर उभं राहायचं. खूण मिनिटाला एकदा समोरून गेली की मीटर बरोबर. ग्राहकाला मी हे त्याच्याच घड्याळावर मोजायला लावत असे. चकतीला समोरासमोर दोन बारीक भोकंही असतात. घरात काहीच चालू नसताना चकती हळूहळू सरकत राहिली तर त्याला आम्ही ‘क्रीप’ म्हणायचो. भोक विद्युतचुंबकाखाली आलं की चकती तिथे अडते, ग्राहकाच्या बिलात फुकटचं युनिट चढत नाही. कुणी तरी ग्राहकाचा एवढा विचार करून ती भोकं पाडली होती.

पण टेकू झिजला, धूळ बसली की चकती जड होते. हलक्या भारावर तर ती हलतच नाही. म्हणून जुना मीटर बहुधा ग्राहकाच्या फायद्याचा चुकतो. तो काढून इलेक्ट्रॉनिक मीटर लावला की चार्जर, राउटर, टीव्हीचा लाल दिवा सगळं मोजलं जातं आणि ‘नवा मीटर पळतो’ अशी तक्रार येते. तिला मी कधीच खोटी मानली नाही. मीटर बरोबर असला तरी त्या घराचं बिल खरोखरच वाढलेलं असतं, आणि ते का वाढलं हे समजावून सांगणं आमचं काम होतं. शिवाय कधी कधी मीटर खरंच चुकलेला असतो.

पाण्याची गोष्ट निराळी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने पाणी पुण्यात आलं आणि काळा हौद, बदामी हौद अशा हौदांत पडू लागलं. किती घागरी भरल्या हे कुणी मोजत नव्हतं. कोण भरतो हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं जाई. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात. पाण्याच्या हिशेबाचा पुण्यातला सगळ्यात मोठा दिवस मी तोच मानतो.

पुढे घरोघर नळ आले ते नगरपालिकेचे. पाणी विकायचं नव्हतं, द्यायचं होतं. म्हणून त्याचे पैसे घरपट्टीसोबत, पाणीपट्टी म्हणून आले. घराची किंमत जास्त, तर पाणीपट्टी जास्त. कनेक्शन अर्धा इंची की पाऊण इंची, एवढंच मोजमाप. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही हीच रीत उतरली: पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. आमच्याकडे दोन म्हाताऱ्या माणसांचं घर आणि सात जणांचं घर पाण्याला सारखेच पैसे देतात, कारण तोट्या सारख्या. शेतीपंपांच्या विजेलाही कित्येक वर्षं अशीच अश्वशक्तीवर आकारणी होती.

तोट्या मोजायची ही सवय भिंतींत चिणलेली आहे. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराला एक, प्रत्येक न्हाणीघराला एक असे पाइप शाफ्टमधून वेगवेगळे उतरतात. विजेला घरटी एक मीटर पुरतो. इथे एका घराला तीन-चार लागतात, नाहीतर सगळे पाइप उकरून एकत्र आणावे लागतात. मीटर बसवण्यापेक्षा हा खर्च मोठा, आणि सभेत गाडी इथेच अडते. नव्या इमारतींत घराला पाण्याची एकच वाट ठेवली तर पुढच्या खजिनदाराचे कष्ट वाचतील.

दुसरी अडचण पाणी ठरावीक वेळी येण्याची. पाणी सुटताना आधी नळातून हवा फुसफुसते आणि चक्रीचा मीटर तीही मोजतो. मग गाळ येतो, चक्री अडकते. लोक वैतागतात, मीटर बंद पडतो, पुन्हा सरासरी बिल. म्हणून कऱ्हाडजवळच्या मलकापूरचं मला फार अप्रूप वाटतं. त्या लहान गावाने चोवीस तास पाण्याची योजना केली आणि सोबत जवळून जाताना रीडिंग घेता येणारे मीटर बसवले. नळी सतत भरलेली, म्हणून हवा नाही. मीटर खरं सांगतो, म्हणून पाणी चोवीस तास पुरतं. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेचाही विचार हाच आहे. चोवीस तास पाणी आधी आणि मीटरचं बिल नंतर, हा क्रम उलटला की लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

विजेच्या स्मार्ट मीटरवर राग निघाला तो वेगळ्या कारणाने. २००३ च्या कायद्याने मीटरशिवाय वीज द्यायलाच मनाई केली, २०२१ च्या केंद्रीय योजनेने स्मार्ट प्रीपेड मीटर आणले. पैसे संपले की दिवे जाणार, तेही दुरून. पूर्वी वीज तोडायला माणूस यायचा. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्याशी बोलता यायचं. ती सोय जाणार याची भीती मला अडाणीपणाची वाटली नाही. जून २०२४ मध्ये राज्य सरकारला सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर करावं लागलं. आता हे मीटर येतात ते महिनाअखेर बिल देणारे म्हणून. पाव-अर्ध्या तासाचा वापर त्यात दिसतो. पंप कधी चालतो, जिन्यातले दिवे किती खातात, हे मला खजिनदार म्हणून आता कागदावर मांडता येतं.

चकतीसमोर घड्याळ घेऊन उभं राहण्याची सोय मात्र या मीटरने काढून घेतली. तिच्या जागी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतली दुरुस्ती आहे: रीडिंगवर शंका घेतली तर वीज कंपनीने तक्रारीपासून पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोघांचं रीडिंग ताडून पाहायचं. सोसायटीत स्मार्ट मीटर लागले त्या आठवड्यात मी हा नियम मोठ्या अक्षरात लिहून लिफ्टपाशी लावला. पाण्याच्या मीटरचा ठराव सभेपुढे आहे, आणि त्यात माझी एकच अट आहे: कुठल्याही सदनिकेने मागितला तर तिच्या मीटरमागे दुसरा मीटर सोसायटीच्या खर्चाने जोडायचा.