किती वर्षं टिकतं? ब्रेस्ट इम्प्लांटचा इतिहास आणि तुलनेतले सापळे

दिवाळीत डोणगावला घरी गेले होते. शेजारच्या काकू भेटायला आल्या. वर्षभरापूर्वी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि एक स्तन काढावा लागला. किमो संपली, केस पुन्हा यायला लागलेत. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की इच्छा असेल तर इम्प्लांट बसवून स्तन परत तयार करता येतो. मी पॉलिमरवर पीएच.डी. करते, म्हणजे काकूंच्या भाषेत 'प्लास्टिकचं शिक्षण' घेते. त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला.

"किती वर्स टिकते वं थे? मोटरीची गॅरंटी राह्यते, तशी याची राह्यते का?"

"वाचून सांगते," म्हटलं. एका संध्याकाळचं काम वाटलं होतं, पण दीड महिना गेला. उत्तर सापडलं नाही असं नाही, उत्तरं खूप सापडली आणि ती एकमेकांशी जुळेनात. का जुळत नाहीत हे समजून घेताना संशोधन पद्धतीच्या पेपरात पाठ केलेल्या बऱ्याच गोष्टी मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळल्या. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा प्रपोजल लिहितायत, त्यांच्यासाठी ही पोस्ट.

सिलिकोनच्या आधी

१८९५ मध्ये जर्मनीत व्हिन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका रुग्णाच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनाच्या जागी बसवली. शरीरातलंच ऊतक वापरायची ही कल्पना आजही चालू आहे. पोटाचं किंवा पाठीचं मांस-कातडं वापरून स्तन घडवतात. ऑपरेशन मोठं असतं, पण त्यात फुटण्यासारखी वस्तू नसते.

बाहेरची वस्तू वापरायचा इतिहास मात्र फारसा चांगला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅराफिन, म्हणजे मेणच, इंजेक्शनने भरायला सुरुवात झाली. ते गाठी करायचं, जागा सोडून सरकायचं. १९५० च्या दशकात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा स्पंज आला. तो फुटत नव्हता, विरघळत नव्हता. पण त्याच्या छिद्रांत शरीराचं ऊतक वाढायचं आणि काही काळाने तो आकसून कडक व्हायचा. म्हणजे वस्तू शाबूत आणि उपचार फसलेला. 'टिकणं' या शब्दाचा अर्थ इथेच दोन ठिकाणी फुटतो: वस्तू टिकणं वेगळं, तिचा उपयोग टिकणं वेगळं.

१९६२ आणि पुढे

अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोघांनी डाऊ कॉर्निंग कंपनीच्या मदतीने सिलिकोन रबराची पिशवी आणि आत सिलिकोन जेल असं इम्प्लांट बनवलं. आधी ते एका कुत्रीत बसवून पाहिलं, मग १९६२ मध्ये टिमी जीन लिंडसे या महिलेत. ही पहिली पिढी जाड पिशवीची, घट्ट जेलची. हाताला कडक लागायची. म्हणून १९७० च्या दशकात दुसरी पिढी आली: पातळ पिशवी, पातळ जेल. स्पर्श नैसर्गिक झाला, पण टिकाऊपणा गेला.

का गेला? इथे थोडं रसायनशास्त्र. सिलिकोन म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक असलेली लांब साखळी. या साखळ्या एकमेकींना भरपूर ठिकाणी बांधल्या आणि त्यात बारीक सिलिका मिसळली की मजबूत रबर मिळतं, ती झाली पिशवी. कमी ठिकाणी बांधून जाळ्यात सिलिकोनचं मोकळं तेल अडकवलं की जेल मिळतं. म्हणजे पिशवी आणि आतला माल एकाच घराण्यातले. जेलमधलं तेल हळूहळू पिशवीत मुरतं आणि थोडं थोडं बाहेर पाझरतं. डिझेलमध्ये पडलेला रबरी वायसर जसा फुगून लेचापेचा होतो, तशी तेलाने फुगलेली पिशवी कमजोर होते. दुसऱ्या पिढीत पिशवी पातळ केली आणि जेलमध्ये पाझरणारा भागही जास्त राहिला. दोन्ही बदल एकाच दिशेने नुकसान करणारे.

१९८० च्या दशकात तिसरी पिढी आली. पिशवीच्या थरांमध्ये वेगळ्या रासायनिक गटांच्या सिलिकोनचा एक अडथळा-थर घातला, ज्यात हे तेल सहज मुरत नाही. त्यानंतरच्या पिढ्यांत जेलच इतकं घट्ट बांधलं की कापलं तरी वाहत नाही.

फुटलेलं कळतं का?

दुसरा मोठा प्रकार मिठाच्या पाण्याचा. पिशवी सिलिकोनचीच, आत सलाइन. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये आरिओं यांनी तो आणला. पिशवीला घडी पडून ती चिरली किंवा व्हॉल्व्ह गळला की पाणी निघून जातं, शरीर ते शोषून घेतं, आणि स्तन एक-दोन दिवसांत चपटा होतो. बाईला आरशातच कळतं.

जेलचं तसं नाही. कुठल्याही इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं तंतुमय आवरण तयार करतं. आतली पिशवी फाटली तरी जेल बहुतेक वेळा त्या आवरणात अडकून राहतं. आकार तोच, दुखणं नाही. बाईला पत्ता नसतो, डॉक्टरांच्या हातालाही बरेचदा कळत नाही. एमआरआय किंवा सोनोग्राफी केली तरच दिसतं.

आता विचार करा. दवाखान्यात 'फुटलं' म्हणून आलेल्या बायका मोजल्या, तर सलाइनचं प्रत्येक अपयश मोजलं जाणार आणि जेलची कित्येक अपयशं घरीच राहणार. कागदावर सलाइन कमकुवत आणि जेल मजबूत दिसेल. प्रत्यक्षात आपण पिशवीची ताकद मोजलीच नाही, अपयश दिसतं की लपतं एवढंच मोजलं.

एमआरआयने काय दाखवलं

अमेरिकेत १९७६ पर्यंत अशा उपकरणांना बाजारात यायच्या आधी सुरक्षिततेचा पुरावा द्यावा लागत नव्हता. कायदा आला तेव्हा इम्प्लांट आधीच वापरात होते, म्हणून ते चालू राहिले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जेल इम्प्लांटवर कडक निर्बंध घातले, कारण तीस वर्षं वापरूनही किती फुटतात याचा नीट आकडा कंपन्यांकडे नव्हता. नवे जेल इम्प्लांट सर्वसाधारण वापरासाठी मंजूर व्हायला २००६ उजाडलं.

मधल्या काळात दोन महत्त्वाचे अभ्यास झाले. अमेरिकेत अलाबामा राज्यात ३४४ बायकांचे एमआरआय केले. तक्रार घेऊन आलेल्या नव्हे, आधीच्या एका मोठ्या अभ्यासातून बोलावलेल्या बायका होत्या या. ६८७ इम्प्लांटपैकी ३७८, म्हणजे ५५ टक्के, फुटलेले निघाले. निम्मे इम्प्लांट फुटायला लागलेला काळ अंदाजे १०.८ वर्षं.

डेन्मार्कमध्ये २७१ बायकांचे दोन वर्षांच्या अंतराने दोनदा एमआरआय केले. त्यातल्या तिसऱ्या पिढीच्या इम्प्लांटबद्दल अंदाज निघाला की ५ वर्षांनी ९८ टक्के शाबूत आणि १० वर्षांनी ८३ ते ८५ टक्के शाबूत.

'दर १० वर्षांनी बदलावंच लागतं' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. डेन्मार्कच्या आकड्यांशी ते जुळत नाही. दहाव्या वर्षी बहुसंख्य शाबूत असतात. पण 'म्हणजे आयुष्यभर टिकतं' असंही नाही. अमेरिकेचं एफडीए स्पष्ट सांगतं की ही आयुष्यभराची वस्तू नाही आणि जितकी वर्षं जास्त, तितकी गुंतागुंतीची शक्यता जास्त. एक्सपायरीची ठरलेली तारीख नसते, दर वर्षी वाढत जाणारा धोका असतो.

सोयाबीनचं तेल

एक प्रकार आपल्या भागातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. आमच्या मेहकर तालुक्यात खरिपाला जिकडे पाहाल तिकडे सोयाबीन. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये 'ट्रायल्युसंट' नावाचं इम्प्लांट आलं, ज्यात सोयाबीनचं तेल भरलेलं होतं. कल्पना चांगली होती. तेल एक्स-रेला जवळपास चरबीसारखंच दिसतं, म्हणून मॅमोग्राफीत मागची गाठ झाकली जात नाही. आणि गळलंच तर खाण्यातलंच तेल, शरीर पचवेल.

पण बरणीतलं तेल जुनं झालं की खवट होतं, तसंच ३७ अंश तापमानात शरीरातही झालं. तेलाचं ऑक्सिडेशन होऊन त्रासदायक पदार्थ बनण्याची शक्यता समोर आली. मार्च १९९९ मध्ये विक्री थांबली आणि २००० मध्ये ब्रिटिश यंत्रणेने सुमारे ५,००० बायकांना ती काढून घ्यायचा सल्ला दिला. स्पंज शाबूत राहून कडक झाला होता, इथे पिशवी शाबूत असली तरी आतला माल टिकला नाही.

बाहेरच्या पृष्ठभागाचीही अशीच गोष्ट. भोवतीचं आवरण आकसू नये म्हणून पिशवीचा पृष्ठभाग खरखरीत केला. पुढे अशा खरखरीत इम्प्लांटभोवती एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमाचा संबंध दिसला. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीने आपले 'बायोसेल' इम्प्लांट जगभरातून परत बोलावले. तेव्हा जगभरात ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. फुटण्याचा आकडा कितीही चांगला असता, तरी त्यात हे दिसलं नसतं.

फ्रान्सची फसवणूक आणि माहीमचा गुन्हा

मार्च २०१० मध्ये फ्रान्सच्या तपासणी यंत्रणेला आढळलं की 'पीआयपी' ही कंपनी वैद्यकीय जेलऐवजी औद्योगिक दर्जाचं सिलिकोन भरत होती. कंपनीच्या संस्थापकाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. ब्रिटनच्या समितीने २०१२ मध्ये अंदाज दिला: पीआयपी ५ वर्षांनी ६ ते १२ टक्के आणि १० वर्षांनी १५ ते ३० टक्के फुटतात.

आता इथे थांबा आणि वर जा. डेन्मार्कच्या चांगल्या इम्प्लांटचा १० वर्षांचा आकडा काय होता? १५ ते १७ टक्के फुटलेले. मग फसवणुकीचं पीआयपी आणि चांगलं इम्प्लांट जवळपास सारखंच? माझ्या वहीत हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी होते आणि मी जवळपास तसाच निष्कर्ष लिहिणार होते. पण डेन्मार्कचा आकडा सगळ्यांचे एमआरआय करून काढलेला, ब्रिटनचा मुख्यतः शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून. त्याच समितीने त्याच प्रकारच्या नोंदींत इतर कंपन्यांशी तुलना केली, तेव्हा पीआयपी २ ते ६ पट जास्त फुटताना दिसलं. वेगळ्या मापाने मोजलेले दोन आकडे एका तक्त्यात आले की तक्ता खोटं बोलतो.

ब्रिटनला ही तुलना करता आली, कारण १,३०,००० बायकांच्या नोंदी गोळा करता आल्या. आपल्याकडे काय होतं? ब्रेस्ट इम्प्लांटचं नाही, पण खुब्याच्या सांध्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीपाय कंपनीचा 'एएसआर' हा धातूचा कृत्रिम सांधा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत तो लवकर निकामी होतोय हे दिसलं आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथून तो काढून घेतला. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली २०१७ मध्ये. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले होते आणि त्यातले बहुसंख्य रुग्ण सापडतच नव्हते. देशभरची सक्तीची नोंदवही नव्हती. तो सांधा भारतीय रुग्णांत किती टिकला, या प्रश्नाला छेदच नव्हता.

तुमच्या प्रपोजलसाठी

कुठल्याही दोन वस्तूंच्या टिकाऊपणाची तुलना करणार असाल, मग ती इम्प्लांट असो, पाइप असो की बॅटरी, तर हे चार प्रश्न आधी लिहून काढा. 'निकामी' कशाला म्हणायचं? ते कोणी आणि कशाने पाहिलं? छेदात कोण आहे: सगळे, की तक्रार घेऊन आलेले? आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या पिढ्या एकत्र तर झाल्या नाहीत ना? 'सिलिकोन इम्प्लांट' म्हणून १९७५ चं आणि २००५ चं एकत्र मोजलं, तर येणारी सरासरी कुणाच्याच उपयोगाची नाही.

काकूंना काय सांगितलं

फोन केला. गॅरंटी आयुष्यभराची नाही, हे सांगितलं. आजचे चांगले जेलवाले दहा वर्षांनी बहुतेक शाबूत असतात, पण फुटलं तर आपोआप कळत नाही. म्हणून अमेरिकेत सुचवतात की पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा. डोणगावहून एमआरआय म्हणजे अकोला किंवा संभाजीनगर, एक दिवस मोडणार. पाण्याचं फुटलं तर घरीच कळतं, पण लगेच पुन्हा ऑपरेशनचा प्रश्न येतो. स्वतःच्या मांसाचंही करता येतं, पण ऑपरेशन मोठं.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मोटर जळाली तं पाणी बंद होते, मानसाले समजते. हे जळालं तं समजतच नाही. मंग पाहाले कोन जाईन अकोल्याले?"

दीड महिना वाचून मी जिथे पोचले होते, तिथे काकू एका वाक्यात पोचल्या. सावरगावच्या किंवा ह्यूस्टनच्या बाईचं सोडा, पण ज्या गावात तपासणी जवळ नाही, तिथे जेलचा चांगला आकडा तितकासा चांगला राहत नाही. हे मला कुठल्याच पेपरात मिळालं नव्हतं.

त्यांचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हेच प्रश्न विचारणार आहेत, मी कागदावर लिहून दिलेत. शेवटचं वाक्य असं आहे: बसवलंच, तर कंपनीचं नाव, प्रकार आणि लॉट नंबर असलेलं कार्ड मागून घ्यायचं आणि रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायचं.