वडिलोपार्जित घरातला हिस्सा, ट्रस्ट आणि प्राप्तिकर

रेडिओ दुर्बिणीमुळे जगभर नाव झालेल्या खोडदमध्ये काय किंवा जुन्नर, आंबेगावच्या इतर गावांत काय, मुलं पुण्या-मुंबईला आणि गावठाणातलं घर मरहूम वालिदांच्या नावावर, हे चित्र नेहमीचं आहे. घर विकायची किंवा ट्रस्टमध्ये ठेवायची वेळ आली की पहिला प्रश्न कराचा येतो.

वारशावर कर नाही. भारतात मृत्युकर 1985 मध्ये रद्द झाला. वारसाहक्काने किंवा वसीयतीने मिळालेलं घर हे उत्पन्न धरलं जात नाही. कर लागतो तो पुढे, भाडं आलं किंवा घर विकलं तर.

हिस्सा ठरलेला असतो. आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबाची पद्धत लागू नाही. कफन-दफनचा खर्च, कर्ज आणि वसीयत (जास्तीत जास्त एक तृतीयांश) वजा करून उरलेल्या तरक्यात प्रत्येक वारस मृत्यूच्या क्षणीच मालक होतो. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर 40 भागांपैकी बायकोला 5, प्रत्येक मुलाला 14 आणि मुलीला 7 भाग. करही प्रत्येकाने आपापल्या हिश्श्यावर, स्वतःच्या पॅनवर भरायचा. सगळी रक्कम थोरल्या भावाच्या खात्यात टाकली की हिशेबाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

विक्रीवरचा कर. गावाकडची शेतजमीन बहुधा भांडवली मालमत्तेत मोडत नाही, म्हणून घरालाही कर नाही असा समज आहे. तो चुकीचा आहे, घराला कर लागतो. खरेदी किंमत वालिदांची धरतात. घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचं असेल तर त्या तारखेची बाजारभाव किंमत धरता येते. ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त चालत नाही.

उदाहरण घेऊ. 2025-26 मध्ये घर 40 लाखांना विकलं, 2001 ची किंमत 8 लाख. नफा 32 लाख, त्यात मुलीचा वाटा 5 लाख 60 हजार. साडेबारा टक्क्यांनी कर 70,000 रुपये. पण वारसा 23 जुलै 2024 पूर्वी आलेला असेल, तर महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांनीही हिशेब करता येतो. निर्देशांक 376 धरला तर 8 लाखांचे 30 लाख 8 हजार होतात आणि मुलीचा कर 34,720 रुपयांवर येतो. निवासी भारतीयाने यातला कमी असेल तो भरायचा, त्यावर 4 टक्के उपकर. त्या पैशातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सवलत मिळते.

ट्रस्ट केला तर? खाजगी ट्रस्टमध्ये प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असेल, तर सर्वसाधारणपणे लाभार्थ्याच्या दराने कर लागतो. हिस्सा ट्रस्टीच्या मर्जीवर सोडला असेल, तर काही अपवाद वगळता सर्वोच्च दराने. म्हणून दस्तात हिस्से स्पष्ट लिहा.

वक्फ अलल औलाद. 1894 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अशा कौटुंबिक वक्फला नकार दिला होता. 1913 च्या कायद्याने तो पुन्हा वैध झाला. 2025 च्या दुरुस्तीनुसार असा वक्फ करून वारसांचा, विशेषतः स्त्रियांचा, हक्क डावलता येत नाही. एकदा वक्फ झालेलं घर मात्र नेहमीच्या मिळकतीसारखं विकता येत नाही.

बहिणीची सही. बहिणीने मोबदला न घेता भावाला हिस्सा सोडला तर दोघांनाही प्राप्तिकर नाही. पैसे घेऊन सोडला तर ती विक्रीच, आणि नफ्यावर कर तिचा. आधी तिला तिचे 7 भाग आणि त्यांची किंमत सांगा, मग सही मागा. सूरह अन-निसामध्ये हे हिस्से ठरवून दिले आहेत. ते कुणाच्या मेहरबानीचे नाहीत.

कागद. मृत्यू दाखला, वारसांची नोंद, मिळकत पत्रिका आणि 2001 चं मूल्यांकन जपून ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बयाणा 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ नका, तेवढाच दंड बसू शकतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. दस्त करण्यापूर्वी सीए आणि वकील, दोघांनाही कागद दाखवा.