नॉर्वेतल्या या फियॉर्डजवळच्या डोंगरावर २४ तास नजर का असते?

नॉर्वे ट्रिपच्या रील्समध्ये गाइरांगर फियॉर्ड तुम्ही पाहिला असेलच. हिमनदीने कोरलेल्या खोल दरीत समुद्राचं पाणी शिरलं की बनतो फियॉर्ड. गाइरांगर २००५ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

रील्समध्ये दिसत नाही तो जवळचा ओकरनेसेट डोंगर. त्याच्या कड्याला मोठी भेग आहे आणि ती दरवर्षी काही सेंटीमीटरने रुंदावते. कडा पाण्यात कोसळला तर उठणारी त्सुनामी साधारण १० मिनिटांत गाइरांगर गावात पोचेल. ही नुसती भीती नाही. १९३४ मध्ये शेजारच्या टाफ्योर्डमध्ये असंच घडलं आणि ४० जणांचा जीव गेला.

म्हणूनच ओकरनेसेटवर सेन्सर आणि रडार बसवलेत. हालचालीचा वेग वाढला की कडा कोसळण्याआधीच गाव रिकामं करायचं, अशी योजना आहे. तिथे असताना सायरन वाजला, तर फोटो राहू द्या, आधी उंचावर जा.